अर्धवट

"प्रबंधात चुका फार नाहीत," बाई म्हणाल्या. "पण पहिल्याच पानावर रस्ता चुकलीस आणि तशीच शेवटपर्यंत चालत गेलीस. मध्ये एकदाही दाखवायला का आली नाहीस?"

"पूर्ण झाल्यावर दाखवणार होते, मॅडम."

बाई हसल्या. कुत्सितपणे नव्हे, प्रेमानेच हसल्या. तिला तेच जास्त लागलं.

"नव्याने लिही. तोही नापास झाला तर इथली जागा जाईल. मग माझ्या हातात काही नाही."

नावाजलेलं विद्यापीठ. दारांवर पितळी पाट्या, भिंतींवर मोठ्या लोकांच्या तसबिरी. अख्ख्या गल्लीतून इथवर पोचलेली ती एकटी. वर्गात मागे बसायची, मान खाली घालून लिहायची. वसतिगृहात पोरी तिला मुकी म्हणायच्या.

खोलीत आली तर पार्टनर, न्यायाधीशांची मुलगी, पलंगावर पाय पसरून नखं रंगवत होती.

"नापास झाले," ती म्हणाली.

"नापास? तू? अगं, तू तर त्या टेबलाला डिंक लावल्यासारखी चिकटलेली असतेस!"

"तू जातेस बाईंकडे?"

"म्हणजे काय! काही सुचलं नाही तरी जायचं. मॅडम, अडलंय, म्हणायचं. त्या बोलतात, आपण लिहून आणायचं."

"अर्धवट घेऊन?"

"अर्धवटच न्यायचं असतं, वेडाबाई! पूर्ण त्यांच्याकडून करून घ्यायचं."

"हे तुला कोणी सांगितलं?"

पार्टनरचा ब्रश हवेतच थांबला. "कोणी म्हणजे? माहीतच असतं ना."

माहीतच असतं! इथेच तर सगळी मेख आहे. प्रवेश परीक्षा सगळ्यांना सारखी. खरी परीक्षा आत आल्यावर सुरू होते, आणि तिची उत्तरं काही घरांत जेवणाच्या टेबलावर वाढली जातात. वर हेच लोक छाती फुगवून सांगतात, आमच्याकडे फक्त गुणवत्ता चालते.

तिच्या घरी वेगळं वाढलं गेलं होतं. बापाचं लेथचं, यंत्रांचे लोखंडी भाग कातून द्यायचं दुकान. हातातला जॉब पुरा होईपर्यंत कोणाला दाखवायचा नाही, हा तिथला कायदा. झाला की फडक्याने लखलखीत पुसायचा, मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. प्रबंध देतानाही तिने प्रत्येक पानावरून तळहात फिरवला होता.

तिने फोन लावला. "बाबा, नापास झाले."

पलीकडे लेथ बंद झाल्याचा आवाज आला. "मग आता?"

"परत लिहायचं. पण या वेळी अर्धं असतानाच बाईंना दाखवणार."

"अर्धं? अगं, पोरीला काम येत नाही म्हणतील!"

"इथे उलटं आहे. न दाखवणाऱ्याला येत नाही म्हणतात."

बाप म्हणाला, "म्हणजे मी तुला चुकीचं शिकवलं."

"नाही, बाबा. तुमचं बरोबरच आहे."

"असू दे, असू दे. तिथलं तिथल्यासारखं कर. पण घरी येऊ नकोस हरून." आणि लेथ पुन्हा सुरू झाला.

तिसऱ्या दिवशी ती बाईंच्या दाराबाहेर उभी होती. हातात तीन पानं. तिसरं पान मध्येच, वाक्य तोडून संपलेलं. रात्री हात शिवशिवत होता ते पुरं करायला. तिने केलं नाही.

दार उघडून पार्टनर बाहेर आली. "अगंबाई! मुकी? तू इथे?"

"मुकी नाही," ती म्हणाली. "अडलंय माझं. सरक."

आत जाऊन तिने पानं टेबलावर ठेवली. "मॅडम, अर्धवट आहे. इथून पुढे मला जमत नाहीये."

"बस," बाई म्हणाल्या. पेन्सिल उचलून त्यांनी पहिल्याच ओळीवर काट मारली.

ती जागची हलली नाही. काट कुठे बसतेय ते डोळे रोखून बघत राहिली. टेबलाखाली मात्र तिचा तळहात मांडीवरून फिरत होता, फडकं फिरावं तसा, सावकाश, पुन्हा पुन्हा.