बारा नमुन्यांतला उरलेला एक

मी एक जुना बोल्ट आहे. लांबीला तुमच्या करंगळीएवढा, डोकं षटकोनी आणि त्या डोक्याच्या कडेला तिळाएवढा व्रण. मित्रांनो, तुम्हाला नवल वाटेल, पण जन्मात मी एकही वस्तू जोडलेली नाही. तरीही व्हीलचेअर बनवणाऱ्या या कारखान्यात आलेला बोल्टांचा प्रत्येक खोका वर्षानुवर्षं आधी माझ्याशी ताडून पाहिला जाई. हा मान मला माझ्या गुणांनी मिळाला नाही. तो मिळवून दिला एका बाईंनी.

माझा जन्म एका छोट्या वर्कशॉपात झाला. तारेच्या भेंडोळ्यातून तुकडा कापला गेला, मशीनच्या ठोक्यानं डोकं घडलं, दोन पट्ट्यांमध्ये लाटून अंगावर आटे उमटले आणि शेवटी जस्ताचा मुलामा चढला. ठोका बसताना पकड जरा सरकली, म्हणून हा व्रण.

वर्कशॉप दोघं मिळून चालवत. मशीन आणि गिऱ्हाइकं धाकटे दीर पाहत, तपासणी आणि पॅकिंग त्यांच्या वहिनी. कामगार वहिनींना काकू म्हणत, म्हणून मीही काकूच म्हणतो. त्या दिवसांत कामाचा तुटवडा होता. दुसरं मशीन दोन महिने कापडाखाली होतं आणि त्यावरचे दोघे कारागीर झाडलोट करून दिवस भरत होते. अशात या कारखान्याचं पत्र आलं. नटांसह बारा बोल्ट नमुन्याला पाठवा, पसंत पडले तर वर्षभराचं काम देऊ.

दिरांनी लगेच क्रेट उपडा करून चकचकीत बोल्ट वेचायला घेतले. काकूंनी ते सगळे परत आत टाकले. नमुना काढायचा त्यांचा एक नेम होता, आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. मान वळवायची, हात आत घालायचा आणि बोटांना लागेल तो उचलायचा. चार सकाळच्या मालातले, चार दुपारचे, चार संध्याकाळचे. संध्याकाळच्या चारांत मी आलो.

"वहिनी, फोटो काढायचा तर माणूस केस तरी विंचरतो," दीर म्हणाले.

"विंचरा की. डोकं बदलू नका म्हणजे झालं," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी आम्हाला तयार केलं. अहाहा, ते हात काय होते! कोरड्या फडक्यानं एकेकाला पुसलं, व्हर्निअरनं तीन-तीनदा मापलं, नट हातानंच फिरवून शेवटपर्यंत जातो ना ते पाहिलं. प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्यानं चिठ्ठी बांधली आणि तिच्यावर त्याचीच मापं लिहिली. खोक्याच्या कोपऱ्यांत कागद कोंबला, मग खोका कानाशी धरून हलवला. आतून आवाज आला नाही, तेव्हाच त्यांचं समाधान झालं.

त्या हात धुवायला गेल्या आणि इकडे दिरांनी खोका उघडला. त्यांनी आदल्या दिवशीच बारा बोल्ट घासून आरशासारखे करून ठेवले होते. आमच्या गळ्यातल्या चिठ्ठ्या त्यांच्या गळ्यात गेल्या आणि आम्ही एका डब्याच्या झाकणात. खोका घेऊन कुरिअरवाला निघूनही गेला. दिरांच्या मनात लबाडी नव्हती हो, धास्ती होती.

काकू परत आल्या, झाकणात पाहिलं आणि माझ्या व्रणावरून मला ओळखलं. रागावल्या नाहीत, आवाज चढवला नाही. आम्हाला रुमालात बांधलं आणि तडक कुरिअरच्या ऑफिसकडे निघाल्या. मागून दीर धापा टाकत आले. खोका काट्यावर चढलेला होता.

"वहिनी, व्रण बघून त्यांनी नाही म्हटलं तर? ते दोघे किती दिवस नुसता झाडू मारणार?"

काकू हळूच म्हणाल्या, "भाऊजी, हे बारा तुम्ही घासलेत. पुढचे बारा हजार कोण घासणार?"

काट्यावरचा माणूस म्हणाला, "ताई, वजन तर तेवढंच भरेल. मग बदलता कशाला?" त्यावर तिघंही हसली. मग दिरांनीच त्याच्याकडे चिकटपट्टी मागितली. चिठ्ठ्या सोडून त्यांनीच त्या आमच्या गळ्यात पुन्हा बांधल्या.

कारखान्यात चष्मेवाल्या तपासनीसांनी आम्हाला ओढलं, पिळलं, खारट पाण्याच्या फवाऱ्यात ठेवलं. माझे अकरा भाऊ त्यात कामी आले. मी उरलो. माझा व्रण पाहून त्यांनी काकूंना फोन लावला आणि विचारलं, हा नजरेतून सुटला का?

"नाही साहेब, चिठ्ठीच्या मागे लिहिलंय," काकूंचा आवाज आला. "शंभरात दोन-तीनांना असा पडतो. पकडीला बाधा नाही, पण चालणार नसेल तर आजच सांगा."

तपासनीसांनी चिठ्ठी उलटली आणि बराच वेळ वाचत राहिले. मग पाना लावून माझी पकड पाहिली, चिठ्ठीवर सही केली आणि म्हणाले, "काम तुमचं. हा बोल्ट मी ठेवून घेतो, माल याच्याशी लावून पाहीन."

पुढे पंधरा वर्षं माल येत राहिला, आणि माझ्याशी जुळला नाही म्हणून एकही खोका परत गेला नाही. पाहुणे आले की तपासनीस मला तळहातावर घेऊन दाखवत आणि काकूंचं नाव काढत. मग ते निवृत्त झाले, मोजमापाला कॅमेरा आला, माझा खण सहा-सहा महिने उघडेना. पावडरीसारखा गंज आट्यांत शिरला. काम करून झिजलो असतो तर वाईट वाटलं नसतं. नुसतं पडून सडणं मात्र जिव्हारी लागतं.

पण खणाच्या फटीतून मला उतार दिसतो. तयार खुर्च्या तिथून खाली सोडून पाहतात. एकही करकरत नाही. त्यांच्यात माझे हजारो भाऊ आहेत, काही माझ्यासारखेच व्रणाचे. बसलेल्या माणसाला त्यांची आठवणही होत नाही, आणि तेच आमचं पुण्य.

मित्रांनो, मला तेल नाही मिळालं तरी चालेल. पण तुमच्या घरात, शेजारात, शाळेत कुणी अशा खुर्चीवर बसत असेल, तर त्यांना विचारून महिन्यातून एकदा वाका. ढिला झालेला नट घट्ट करा, तेलाचा एक थेंब सोडा. बसलेल्याचा हात तिथवर पोचत नाही.