क्लच प्लेटची बाजू

"चौदाचा नको, सतराचा दे," जीपखालून झेवियर म्हणाला.

सेसिलियाने दिलेला पाना सतराचाच होता. "हा घे," म्हणत तिने तोच पुन्हा त्याच्या हातात ठेवला. या वेळी बोल्ट सुटला.

कोलशेत गावातल्या त्यांच्या अंगणात जीप लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. तिचा गिअरबॉक्स उतरवून पोत्यावर ठेवला होता. त्याचा तिसरा गिअर धरत नव्हता. शेजारी भंगारातून आणलेला दुसरा गिअरबॉक्स पुसून तयार होता. झेवियरने एका कारखान्यात गाड्या दुरुस्त करण्यात आयुष्य काढलं; गाडी पुसल्याशिवाय तो मालकाला परत देत नसे. ही जीप त्याने तिथल्याच लिलावात घेतली होती. घरी काम निघालं की पाने द्यायला सेसिलिया बसायची. मुलं लहान होती तेव्हाही तिने हे सोडलं नाही. नवराबायकोचं जे काही बोलणं व्हायचं ते याच वेळी.

गेल्या महिन्यात चालू जीप बाजारात उभी करून तो रिक्षाने घरी आला. जीप कुठे आहे, हे त्याला सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, विसरणं वाढतच जाणार. तेव्हापासून डोंबिवलीला राहणारा मुलगा, ओवेन, जीप विकायच्या मागे लागला होता. त्याने गिऱ्हाईकही शोधलं होतं. प्रशांत नावाचा कोणी होता, जुन्या जीपा घेऊन डोंगरात फिरणारा.

"पापा, विकून टाक ना. तुझ्याच्याने नाही होत आता."

"माझ्याच्याने? अरे, तू पाळण्यात होतास तेव्हा मी गिअरबॉक्स उतरवत होतो."

"मग हा बसवून दाखव. एकट्याने. बसला तर गाडी तुझी, परत नाव नाही काढणार मी."

ओवेन चिडून बोलून गेला होता. झेवियरने ते धरून ठेवलं, आणि सेसिलियाने त्याहून घट्ट. हातांना काम आठवतंय तोवर माणूस आपला आहे, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

दुपारी झेवियरने क्लच प्लेट लावली आणि तिच्यावरचं झाकण बोल्टांनी आवळलं. सेसिलिया वाकून बघत होती. प्लेटच्या मधोमध उंचवटा असतो, तो गिअरबॉक्सकडे यायला हवा. झेवियरने तो इंजिनाकडे केला होता. असं झालं की क्लच दाबूनही सुटत नाही, गिअर पडत नाही आणि सगळं पुन्हा उतरवावं लागतं. नवशिका अशी चूक एकदाच करतो.

"प्लेट अशीच असते ना?" तिने विचारलं.

"बघा! पाने देऊन देऊन मिस्त्री झाली," तो हसला. "मला शिकवते. चल, जेवायला वाढ."

जेवून तो झोपला. सेसिलियाने गाऊन आवरला आणि ती जीपखाली शिरली. बोल्ट सैल करताना मनगट दुखलं. तिने प्लेट काढली, फिरवली, प्लेट बरोबर मधोमध राहावी म्हणून झेवियर घालायचा तसा जुन्या शाफ्टचा तुकडा आत घातला, मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत नेले.

कुंपणापलीकडून शेजारच्या तुळसाने हाक मारली. "अगो बाय, गाडीखाली झोपलीस काय?"

"पाना पडलाय गं."

"मना वाटला, नवऱ्याने घराभायेर काढला!"

"तो काय काढतोय! घर माझ्या बापाचं आहे," सेसिलिया खालूनच म्हणाली.

उठल्यावर झेवियरने गिअरबॉक्स जॅकवर घेतला. वर उचलला, डावीउजवीकडे हलवला आणि छातीने आत ढकलला. शाफ्ट एका दमात प्लेटमध्ये शिरला. "बघितलंस?" तो म्हणाला. ती म्हणाली, "बघितलं."

रविवारी सकाळी ओवेन आला. झेवियरने कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूसाची खूण केली आणि चावी फिरवली. पहिला पडला. दुसरा, तिसरा, रिव्हर्स. कुठेच आवाज नाही.

"मानलं, पापा," ओवेन म्हणाला. "मम्मीने मदत नाही ना केली?"

"तिने? तिने नुसते पाने दिले."

सेसिलिया मोठ्याने हसली. कित्येक दिवसांत ती अशी हसली नव्हती. ओवेनने तिच्यासमोरच प्रशांतला फोन लावला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं.

"चल सेसी, चक्कर मारू," झेवियर म्हणाला. ती शेजारी बसली.

गल्लीतून जीप नीट गेली. मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी झेवियरने ब्रेक लावला. समोरून गाड्या जात होत्या. मग रस्ता मोकळा झाला, तरी तो निघेना. मागे रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

"सेसी, इथून कुठे?"

"कुठे म्हणजे? तुला जायचंय तिकडे."

"घरी जायचंय."

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने दोन्ही बाजूंचा रस्ता पुन्हा बघितला. घर मागे, गल्लीतच होतं. त्याने क्लच दाबून धरला होता. क्लच अगदी मोकळा सुटला होता. तो तिने बसवला होता.

तिचा फोन वाजला. ओवेन होता. "काय मम्मी, कशी चालते गाडी?"

मागे आता तीनचार हॉर्न वाजत होते.

"ओवेन, त्या माणसाला परत फोन कर," ती म्हणाली. "ये म्हणावं."

"का? गिअर अडकला?"

"नाही रे. गाडी चांगली आहे."

तिने फोन मांडीवर ठेवला, हात लांब करून गिअर न्यूट्रलला आणला, हँडब्रेक ओढला आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं. झेवियरने तिला अडवलं नाही.

"कोण येतंय?" त्याने विचारलं.

"गाडी न्यायला येतायत."

"ज्याची आहे तो?"

सेसिलियाने चावी काढून मुठीत घेतली. "हो," ती म्हणाली.

"मग अशी नाही द्यायची," झेवियर म्हणाला. त्याने सीटखालून फडकं काढलं, झटकलं आणि स्टीअरिंग पुसायला घेतलं. रिक्षावाले शिव्या घालत बाजूने निघून जात होते. तो वरून खाली, कडेकडेने, न चुकता पुसत राहिला.