वासुकीच्या नावाचं स्वागत

मी एक जुना मजकूर आहे, मित्रांनो. स्वागताचा मजकूर.

तुम्ही म्हणाल, मजकुराला कसलं आलंय आयुष्य? छत्री फाटते, सायकल गंजते, खुर्चीचा पाय मोडतो, आणि मग त्या निवांत बसून आपली कहाणी सांगतात. मला फाटायची सोय नाही. कोणी नवं आलं की मला उचलतात, चिकटवतात. उचलतात, चिकटवतात. दमायला अंग लागतं असं म्हणतात. ते खरं नाही.

माझा जन्म तंजावूरचा, राजवाड्यामागच्या गल्लीतला. तिथे तुळजाराम नावाचे सर राहतात. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. एका दुपारी वीज गेली होती, लॅपटॉपात जेमतेम जीव होता, आणि सरांनी घाईघाईने मला लिहिलं. तेव्हा मी एवढाच होतो:

या. हे आकाशछत्र आहे. शनीच्या कड्यांजवळची धर्मशाळा. यान बाहेर बांधा. कोण, कुठले ते सांगा. पुढचं मिळून लिहू.

संपलो.

हा एक खेळ आहे. इंटरनेटवरचा, पण त्यात चित्र नाही, आवाज नाही. सगळं लिहायचं. एकाने लिहायचं, माझ्या यानाचं इंधन संपलं. दुसऱ्याने लिहायचं, मी दोरखंड टाकतो. तिसऱ्याने तो वितळवायचा. तंजावूरजवळच्या ओरत्तनाडूला मराठी राजांच्या काळातलं एक छत्र आहे, प्रवाशांसाठी बांधलेलं. सरांनी तसंच एक उचलून आकाशात ठेवलं. येणारे बहुतेक तंजावूरकडचे मराठी लोक. घरची मराठी लिहायची, पण इंग्रजी अक्षरांत, कारण देवनागरी फार थोड्यांना येते. मीसुद्धा मूळचा इंग्रजी अक्षरांतलाच. आज तुमच्यासाठी देवनागरी नेसून आलो आहे.

पहिली वर्षं सुखाची गेली. कोणी लिहायचं, "काय गोड बोलावता हो!" कोणी नुसतं हसायचं. मी फुलून जायचो.

मग सांबशिव नावाच्या एका गड्याने दुसऱ्याच्या आचाऱ्याला न विचारता अवकाशात ढकलून दिलं. खेळात, अर्थात. पण ज्याचा आचारी होता तो चार दिवस जेवला नाही म्हणे.

नियम ४. नव्या माणसाने पहिल्या आठवड्यात कोणाला ठार करू नये.

एकाने उडता नाग आणला, मंत्र म्हणणारा.

नियम ७. इथे विज्ञान आहे. जादू नाही.

पुण्याचे एक गृहस्थ आले आणि आमच्याकडचं "अहे" नव्हे, "आहे" म्हणा, असं दिसेल त्याला सांगत सुटले.

नियम १५. कोणी कोणाचं मराठी दुरुस्त करू नये.

प्रत्येक भांडण मिटलं की माझ्यात एक ओळ वाढायची. भांडणारे निघून जायचे, ओळ राहायची. असे एक्केचाळीस नियम झाले. दारात उभ्या पाहुण्याला पाणी देण्याऐवजी त्याच्या डोक्यावर पोतं टाकावं, तसा मी नव्या माणसावर पडू लागलो. माणसं पोत्याखालून हळूच सरकून निघून जायची. मला कोणी वाचत नव्हतं. चिकटवणारे सरसुद्धा नाही.

ते वाचत नव्हते, म्हणूनच पुढचं घडलं.

एकदा वासुकी नावाची मुलगी आली होती. तिच्यासाठी सरांनी माझ्या कपाळावर प्रेमाने लिहिलं, "स्वागत, वासुकी!" ती दोन दिवस खेळली आणि गेली. नाव पुसायचं राहिलं. त्यानंतर चार वर्षं मी येईल त्याला वासुकी म्हणत होतो. मला कळत होतं, पण मजकुराला स्वतःची चूक खोडता येत नाही.

या वर्षी आकाशछत्रात दोघंच उरली. सर, आणि बँकेत काम करणारी भुवना. खेळात ती तीन हातांची डॉक्टरीण आहे. सरांनी तिला सांगून टाकलं होतं: या महिनाअखेरपर्यंत एक तरी नवा माणूस टिकला तर ठीक, नाहीतर तीस तारखेला आकाशछत्र बंद.

तेवीस दिवस उरले असताना एक बाई आली. नाव जयलक्ष्मी.

सरांनी मला उचललं. चिकटवलं.

बाई गप्प.

दुसरा दिवस, तिसरा, आठवा. भुवना आणि सर खेळातल्याच बाजूच्या खोलीत लिहीत होते. मीही तिथेच असतो, एका कोपऱ्यात.

"अण्णा, ती नवी बाई काही बोलली?"

"नाही. वाचून पळाली असेल."

"वाचून? तो वाचून संपेपर्यंत माझं लग्न होऊन नातवंडं होतील!"

"तुझं लग्न मजकुरामुळे अडलंय होय?"

"विषय बदलूं नका. नाव अजून यादीत अहे. पळाली असती तर नाव गेलं असतं."

नवव्या दिवशी भुवनाने दारात जाऊन हाक मारली. "अक्का, अहांत काय?"

उत्तर लगेच आलं. जणू बाई तिथेच बसून होत्या.

"अहें."

"मग बोललां का नाहीत?"

"मला बोलावलं कुठे? इथे एक पत्र पडलंय, ते वासुकी म्हणून कोणाचं. त्या येऊन घेतील. माझं यायचं अहे. वाट पाहतें."

सरांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं कपाळ वाचलं.

"अय्यो," सरांनी लिहिलं.

"मी तालुका ऑफिसात टपाल बघत असें. एकतीस वर्षं. दुसऱ्याच्या नावाचा कागद घ्यायची सवय नाही. वाचला मात्र. उघडाच होता. माफी असावी."

"सगळा वाचलांत?" भुवनाने विचारलं.

"दोनदा. कलम ९ आणि कलम ३३ यांचं जुळत नाही. नवव्यात अहे, नव्याने आधी विचारावं. तेहतिसाव्यात अहे, नव्याने सारखं विचारूं नये. आणि कलम ४. पहिल्या आठवड्यात कोणास ठार करूं नये. दुसऱ्या आठवड्यात चालतं काय?"

मित्रांनो, एवढा वाढल्यापासून मला पहिल्यांदा कोणीतरी पूर्ण वाचलं होतं. आणि ते पत्र तिचं नव्हतं.

सर मागे मागे जाऊन जुनी पानं बघत राहिले. अकरा माणसं. अकरा जणांना मी वासुकी म्हटलं होतं, आणि अकरा जण चूक न दाखवता निघून गेले होते. काहींना वाटलं असेल, इथे आपलं नाव बघायलाही कोणाला सवड नाही. काहींनी ते नावही वाचलं नसेल.

"अक्का, खरं सांगतो," सरांनी लिहिलं. "कोणी टिकत नाही म्हणून तीस तारखेला हे बंद करणार होतो."

"टिकण्याआधी आत घ्यावं लागतं."

"चुकलो. थांबा, नाव बदलून परत टाकतो."

मी तयार झालो. सवयच ती. कपाळ पुढे केलं.

"अण्णा!" भुवनाने लिहिलं. "हात काढा त्याच्यावरून!"

"मग काय लिहूं?"

"मी सांगूं? मग मीच अण्णा, आणि तुम्ही तीन हातांची डॉक्टरीण."

सर लिहू लागले. लिहिलं, पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. इतकी वर्षं दुसऱ्या ग्रहांवरच्या लोकांशी बोलणाऱ्या त्या माणसाला एका निवृत्त बाईशी काय बोलावं ते सुचेना. मला त्यांची दया आली. माझ्यामुळेच त्यांची नव्या माणसाशी बोलायची सवय मोडली होती. तयार कुबडी जवळ असली की पाय चालणं विसरतो.

शेवटी आलं ते असं: "जयलक्ष्मी अक्का, तुम्ही म्हणजे इथे, म्हणजे हे असलं तुम्हांस का आवडलं?"

"एकतीस वर्षं सरकारी कागदावर लिहिलं. एकदाही खोटं लिहायला मिळालं नाही. हात शिवशिवतो."

भुवना इतकी हसली की तिची बोटं चुकीच्या अक्षरांवर पडली आणि अर्धी ओळ नुसतीच खखखख झाली.

मग अक्कांनी पहिली चाल लिहिली. "छत्राच्या दारात एक म्हातारी उतरते. यान भाड्याचं होतं, ते परत गेलं. तिच्या हातातली पिशवी हलते अहे. आत काय अहे ते ती विचारल्याशिवाय सांगणार नाही."

सरांनी विचारलं. भुवनाने तिन्ही हात पुढे करून विचारलं. अक्का म्हणाल्या, जेवून सांगेन. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, अंघोळ करून सांगेन. असं करत करत तीस तारीख आली आणि गेली. त्या दिवशी सर छत्राची गळकी हवाकोठी दुरुस्त करत होते. बंद करायचं नाव कोणी काढलं नाही.

माझं काय झालं? सर मला पुसून टाकणार होते. मीही मनातून तेच म्हणत होतो. अक्कांनी अडवलं. "पुसूं नका. वासुकींचा कागद अहे तो. उद्या त्या आल्या तर काय सांगाल?" म्हणून मी आहे. मला आता कोणी उचलत नाही. एका मुलीचं मागे राहिलेलं पत्र होऊन कोपऱ्यात पडलो आहे. वाईट नाही हे म्हातारपण. खूप झोप येते.

एवढंच मागतो, मित्रांनो. तुमच्या वर्गात, गल्लीत, खेळात कोणी नवं आलं, तर त्याला माझ्यासारखं काही हातात देऊ नका. त्याचं नाव वाचा. काही सुचलं नाही तर सरांसारखे अडखळा. अडखळणं उचलून दुसरीकडे चिकटवता येत नाही. ते ज्याचं त्यालाच पोचतं.