चालवून न पाहिलेली मोटार

लढाईचे दिवस होते. भाड्याच्या लॉऱ्या सरकारनं उचलून नेल्या होत्या. नांदगाव खंडेश्वरहून अमरावतीच्या बाजारात भाजी न्यायची तर बैलगाडीशिवाय इलाज उरला नव्हता. गाडी पोचेपर्यंत कोथिंबीर मान टाकायची, शेवंतीच्या पाकळ्या काळ्या पडायच्या, आणि लिलाव उरकलेला असायचा. उत्तमराव आणि गोवर्धन या दोघा माळी भावांनी असे दोन हंगाम काढले. तिसऱ्या हंगामाआधी उत्तमरावानं ठरवलं, की आपली स्वतःची मोटार घ्यायची.

उत्तमराव थोरला. बाप गेल्यापासून घरात त्याचाच शब्द चालायचा. तो वाईट माणूस नव्हता. धाकट्याच्या ताटात आधी वाढलं का, हे तो स्वतः बघायचा. पण त्यानं एकदा बोललेलं कुणी परत विचारलेलं त्याला खपत नसे. गोवर्धननं अमरावतीत एका कापसाच्या जिनवाल्याची मोटार पाच-सहा वर्षं चालवली होती, त्याच्याजवळ लायसन होतं. म्हणून मोटार घ्यायचं ठरलं तेव्हा उत्तमराव म्हणाला होता, "घेईन मी, चालोशीन तू."

अकोल्याला चंद्रभान शेठचा जुन्या मोटारींचा अड्डा होता. पत्र्याच्या छपराखाली एक काळी मोटार उभी होती. मागची बैठक काढून तिथं लाकडी हौदा बसवला होता, त्यात भाजीची पोती सहज मावली असती. शेठनं दोघा भावांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला, उत्तमरावाला 'पाटील' म्हणून हाक मारली. माळ्याच्या पोराला अकोल्यात कुणी पाटील म्हणेल असं उत्तमरावाला कधी वाटलं नव्हतं.

मिस्त्रीनं दांडा फिरवला, इंजिन सुरू झालं. आवाज चांगला होता. गोवर्धन गाडीभोवती फिरला, खाली वाकला, चाकं हलवून पाहिली, मग आत बसून पायानं ब्रेक दाबून पाहिला.

"दादा, एक चक्कर मारून पाहतो," तो म्हणाला. "मोर्णेच्या पुलापर्यंत जाऊन येतो."

शेठ हसला. "पाहा ना. आमी कुठं नाही म्हणतो? पण पाटील, पेट्रोलचे कूपन कसे मिळून राहिले ते तुमाले माहीत हाय. टाकीत नांदगावपर्यंत पुरन इतकंच हाय. चक्कर माराल तं मूर्तिजापूरहून बैलं जुपा लागतीन. बाकी तुमचा भरवसा नसन, तं राहू द्या. गिऱ्हाइकं गंज हायत."

उत्तमरावाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हातात शेठच्याच चहाची कपबशी होती.

"नको," तो म्हणाला. "भरवसा कसा नाही? चक्कर नको मारू, गोवर्धन."

"दादा, पाच मिनिटाचं काम हाय."

"नको म्हटलं ना बे."

गोवर्धन गाडीतून खाली उतरला. व्यवहार तिथंच झाला.

दुपार कलायच्या आत ते निघाले. गोवर्धन सांभाळून चालवत होता. बोरगाव मंजूपर्यंत काही झालं नाही. उत्तमराव दरवाज्याबाहेर कोपर काढून बसला होता, आणि रस्त्यावरचा माणूस आपल्याकडे बघतो का हे बघत होता. मूर्तिजापूरच्या अलीकडे गुरं आडवी आली तेव्हा गोवर्धननं ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण जिथं थांबायला हवी होती त्याच्या बरीच पुढं.

"दादा, पायडल खाली बसून राहिलं. ब्रेक बरोबर नाही. मूर्तिजापुरात मिस्तरी पाहू, रात ततंच काढू."

"घरी मायनं पूजेची तयारी केली असन," उत्तमराव म्हणाला. त्यांची आई माणिकबाई, तिनं सकाळीच आळीतल्या बायांना सांगून ठेवलं होतं. "सारा गाव वाट पाहून राहिला असन. हळू चालव. उद्या अमरावतीले दाखवू."

"उताराचं भेव वाटते मले."

"मी हाव ना बाजूले. चाल."

गोवर्धननं मूर्तिजापूर मागं टाकलं.

पुढं रस्ता एका नाल्यात उतरतो. खाली पाणी वाहत असलेला अरुंद फरशीपूल, आणि फरशीवर त्या वेळी एक दमणी, छपराची हलकी बैलगाडी, होती. दमणीत एक बाई बसलेली, आणि बैलांच्या पुढं, कासरा धरून, तिचा नवरा पायी चालत होता. बैलं पाण्याला बुजत होती म्हणून तो उतरला होता. गोवर्धननं वरूनच ब्रेक दाबला. पायडल पार तळाला गेलं. त्यानं हाताचा ब्रेक ओढला, तो दांडा तसाच सैल त्याच्या हाती आला. तो ओरडला, उत्तमरावही ओरडला. दमणीवर गाडी घालायची नाही एवढंच गोवर्धनला सुचलं. त्यानं चाक डावीकडे वळवलं. दमणी वाचली. बैलांपुढचा माणूस वाचला नाही.

त्याचं नाव नत्थुजी. कुरूमकडच्या एका खेड्यातला, काळ्या रानाचा घरंदाज कुणबी. बायकोला, जमुनाला, माहेराहून घेऊन येत होता. मोटार नाल्याच्या दरडीला जाऊन धडकली. उत्तमराव कपाळ फुटून बाहेर पडला, तेव्हा गोवर्धन पाण्यात गुडघ्यावर बसला होता. नत्थुजीचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं होतं आणि ओंजळीनं त्याच्या तोंडात पाणी घालू पाहत होता. पाणी बाहेरच येत होतं. दमणीतली बाई खाली उतरली नाही. ती नुसती म्हणत होती, "अवं, उठवा त्याहिले. बैलं बुजतीन. अवं, उठवा."

पोलिसांनी गोवर्धनला नेलं. जामिनावर सुटून आला तेव्हा त्याचं बोलणं आटलं होतं. तो बागेत जायचा, पाटाला पाणी सोडायचा आणि वाफा भरून वाहू लागला तरी बघत उभा राहायचा.

देवीदास वकिलानं उत्तमरावाला बजावलं. "तुम्ही एवढंच सांगा, की ब्रेक अचानक गेला. जास्त बोलू नका. अपघात म्हणून सुटेल तो."

उत्तमरावाला ते पटलं होतं. पण खटल्याच्या आदल्या दिवशी तो जेवायला बसला असताना गोवर्धनची बायको शकुन दाराशी येऊन उभी राहिली. लग्न होऊन आल्यापासून ती भासऱ्यांसमोर, थोरल्या दिरासमोर, कधी बोलली नव्हती. पदर तोंडावर ओढून ती म्हणाली, "ते चक्कर मारतो म्हणत होते. थांबू म्हणत होते. तुमी नाही थांबू देलं. हे कोर्टात कोन सांगन?"

माणिकबाई चुलीपाशी होती. तिनं सुनेला गप्प केलं नाही. उत्तमरावानं हात धुतले आणि पानावरून उठला.

कोर्टात आधी चंद्रभान शेठ आला. पांढरं धोतर, जरीची टोपी. "हुजूर, चालवून पाहा असं मीच म्हटलं होतं. ह्यांनीच नको म्हटलं." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मग उत्तमरावाचं नाव पुकारलं गेलं. देवीदास वकील त्याच्याकडे रोखून बघत होता. उत्तमरावानं शपथ घेतली आणि सगळं सांगितलं. गोवर्धनला चक्कर मारायची होती, मी नको म्हटलं. गुरं आडवी आली तेव्हाच त्याला ब्रेकचं कळलं होतं, तो थांबू म्हणाला, मी थांबू दिलं नाही. "दोष माहा हाय, साहेब. त्यानं आजवर माहा शब्द मोडला नाही. सजा मले द्या." बोलताना त्याला रडू फुटलं. मोकळं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं गोवर्धनच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

गोवर्धननं डोळे मिटले होते.

मॅजिस्ट्रेटनं निकाल इंग्रजीत वाचला. देवीदास वकिलानं बाहेर येऊन त्याचा अर्थ सांगितला. ब्रेक अचानक गेला असता तर तो अपघात. पण ब्रेक बिघडल्याचं चालकाला आधीच ठाऊक होतं, हे त्याच्या सख्ख्या भावानंच शपथेवर सांगितलं. ठाऊक असून तो उतारावर गाडी घेऊन गेला. लायसन त्याचं होतं, चाक त्याच्या हाती होतं. भाऊ चाल म्हणाला, ही कायद्यापुढं सबब नाही. दीड वर्षाची सक्तमजुरी.

"मी तुम्हाला गप्प राहा म्हटलं होतं," वकील म्हणाला.

शकुन कोर्टाच्या पायरीवर बसली होती. तिनंही ऐकलं. आपणच उत्तमरावाला बोलायला लावलं होतं, हे तिला कळत होतं. थोड्या अंतरावर जमुना तिच्या भावाच्या आधारानं उभी होती, कपाळ मोकळं. तिला निकाल कुणी समजावून सांगितला नव्हता. "झालं का?" एवढंच तिनं विचारलं, आणि भाऊ तिला घेऊन गेला.

त्या संध्याकाळी शकुन नांदगावला परतली नाही. बाळापूरला माहेरी गेली.

गोवर्धन सुटला तोही थेट बाळापूरलाच गेला. नांदगावात त्याची वाट बघून बघून माणिकबाईनं अंथरूण धरलं. तेव्हा उत्तमराव त्याला आणायला निघाला.

गोवर्धन दुसऱ्याच्या मळ्यात बटाईनं काम करत होता. केस पिकले होते. त्यानं भावाला बाजेवर बसवलं, तांब्या पुढं केला. शकुननं ज्वारीची भाकर आणि वांग्याचं भरीत वाढलं. बागेचं, बैलांचं, आईच्या दुखण्याचं बोलणं झालं. गोवर्धन सगळं नीट विचारत होता.

"तुह्या मनात राग हाय का माह्यावर?" उत्तमरावानं शेवटी विचारलं.

"राग काहाचा दादा? कोर्टात तू खरंच बोलला. अन् पाय माहाच होता ब्रेकवर. मी गाडी उभी करून खाली उतरू शकत होतो. तू मले काय मारलं असतं? मी उतरलो नाही." तो थांबला. "मंधात जमुनाबाईच्या गावाले गेलो होतो. दोन पेरण्या करून देतो म्हटलं. तिनं कवाड लावून घेतलं. बरोबर केलं तिनं."

"माय बोलावून राहिली. चाल घरी."

गोवर्धननं मान हलवली. "मायले पाहून जाईन. मी येईन माह्या मनानं, येईन तवा. पण तू चाल म्हणशीन अन् मी निघन, हे आता होत नाही दादा. तू चाल म्हटलं का पाय जागचा हालत नाही माहा."

उत्तमरावानं ताट पुरं केलं. शकुननं आणखी वाढू का विचारलं, तो नको म्हणाला. गोवर्धन त्याला मळ्याच्या बांधापर्यंत पोचवायला आला, वाकून पाया पडला आणि पाणी सोडलेल्या वाफ्याकडे परत गेला.

चार दिवसांनी तो आईला बघायला नांदगावला आला, एकटा. माणिकबाई त्याच्या आदल्या दिवशी पहाटेच गेली होती.