लाकडी अंड्याची साक्ष

मी लाकडाचं अंडं बोलतोय. हसू नका. मला उबवून काही निघत नाही, फोडून काही मिळत नाही, आणि ज्या घरात मी राहतो तिथं गेल्या दीड वर्षात हसण्यासारखं काही घडलेलंही नाही.

माझा जन्म लेथवर झाला. मोडक्या खुर्चीच्या पायाचा वीतभर तुकडा कातारीनं यंत्राला लावला. कातारी म्हणजे लाकूड फिरवून पलंगाचे पाय, खुंट्या, मुठी करणारा माणूस. शेजारी त्याची बायको उभी होती. "टोकाला जरा निमुळतं करा," एवढंच ती सारखं म्हणत होती. मग पॉलिशकागद, मग पांढरा रंग. वाळल्यावर तिनं मला हातात तोललं आणि कुणी बघत नाही ना, म्हणून दाराकडे पाहिलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

एका आवारात दोन घरं होती. एकात कातारी आणि त्याची बायको, तिला सगळे थोरली म्हणत. दुसऱ्यात तिची जाऊ, धाकटी. धाकटीचा नवरा ट्रक चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी. बाकीचे दिवस धाकटी आणि तिचं शिलाई मशीन.

थोरलीकडे नऊ कोंबड्या होत्या. कोंबड्या पाळाव्यात तर तिनंच. एकदा भर दुपारी मुंगसानं दोन नेल्या, तर तिनं दुसऱ्याच दिवशी जुनी मोठ्या भोकांची जाळी फाडून टाकली. बोट जाणार नाही अशी बारीक जाळी आणली, ती हातभर जमिनीत पुरली, वर दगड रचले आणि दाराला दोन कड्या लावल्या. एक कडी जनावर नाकानं उचलतं, दोन उचलत नाही, हे तिचं म्हणणं. त्यानंतर एकही कोंबडी गेली नाही.

अंडी मात्र जायला लागली. रोजची सात होती, ती तीन-चारवर आली. टरफलाचा तुकडासुद्धा मागे नाही. थोरलीनं विचार केला, आणि तो तसा सरळच होता. या जाळीतून मुंगूस येत नाही, साप येत नाही. कड्या उघडायला बोटं लागतात. आणि आवारात परकी बोटं एकाच बाईची.

घरात जाऊन विचारता आलं असतं. तिनं गल्लीतल्या नळावर, बादल्यांच्या रांगेत, हवेत सोडून दिलं, की माझ्या कोंबड्या अंडी घालतात आणि ती भलत्याच तव्यावर फुटतात. धाकटीनं भरलेली बादली खाली ठेवली.

"ताई, बोलायचं तर नाव घेऊन बोला."

"चोराच्या मनात चांदणं," थोरली म्हणाली आणि आपली हंडी उचलून निघाली.

नाव घ्यायची गरजच उरली नाही. आठवड्याभरात गल्लीतली पोरं धाकटी दिसली की कोंबडीसारखी ओरडायला लागली. ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायका उरलेलं कापड टेप लावून परत मागू लागल्या. अंडी उचलणारी बाई चिंध्या सोडेल का, असा हिशेब. शाळेच्या गणवेशांचं काम दुसरीकडे गेलं. धाकटीनं दोन घरांच्या मधे गोणपाटाचा पडदा ओढला. एकीनं कपडे वाळत घातले की दुसरी नेमकं तेव्हाच अंगण झाडायची. बोलणं संपलं होतं, भांडी तेवढी आपटत होती.

असे सहा महिने गेले. एका दुपारी थोरली नेहमीपेक्षा लवकर अंडी गोळा करायला गेली आणि तिनं चोर पाहिला. तांबडी. कळपातली सगळ्यांत चांगली कोंबडी. स्वतःच्याच अंड्यावर तिनं चोच मारली, बाकीच्या धावल्या आणि बघता बघता बलक, पांढरं, टरफल, सगळं फस्त झालं. पेंढा तेवढा ओला राहिला.

थोरली तशीच नवऱ्याकडे गेली. कोंबडीनं चोच मारावी, दुखावी आणि खोड मोडावी, म्हणून लाकडाचं अंडं ठेवतात. ते तिला ठाऊक होतं. मी लेथवर फिरत होतो तेव्हा त्या दोघांचं बोलणं झालं.

"धाकटीला सांगितलंस?" कातारीनं विचारलं.

"तुम्ही अंडं करा."

"मी काय विचारलं?"

"सहा महिने ज्या तोंडानं बोलले, त्याच तोंडानं आता काय सांगू? तुम्ही अंडं करा."

त्यानं यंत्र थांबवलं, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चालू केलं. गप्प बसणाऱ्याला लोक भला माणूस म्हणतात. मी नाही म्हणणार.

मग मी पेंढ्यात गेलो आणि मार खाल्ला. तांबडी चिवट होती. पहिले चार दिवस तिनं माझा रंग उडवला, पुढचे चार नुसती वाकून बघायची, दहाव्या दिवशी नाद सोडला. अंडी पुन्हा सात झाली. थोरली नळावर म्हणाली, "बघा, डोळ्यांत तेल घालून बसले तर थांबली ना चोरी!" हे मी कुंपणाआडून ऐकलं. आतून भरीव आहे म्हणून, नाहीतर तिथंच तडकलो असतो.

पुढे वर्षभरानं थोरली पायरीवरून घसरली. पायाला प्लास्टर, सहा आठवडे अंथरूण. कातारी सकाळी सातला कामावर जायचा. तो दाण्याचं डबडं घेऊन गोणपाटाच्या पडद्याशी जाऊन उभा राहिला.

"कोंबड्यांशी माझं भांडण नाही, भावजी," धाकटी म्हणाली आणि तिनं दोन्ही कड्या उघडल्या.

तिनं पाणी बदललं, विष्ठा खरवडली, ओला पेंढा काढला. अंडी उचलता उचलता मी तिच्या हातात आलो. तिला वजन वेगळं लागलं. नखानं रंग खरवडला, चोचीच्या खुणांवरून बोट फिरवलं. तिच्या माहेरीही कोंबड्या होत्या. तिला सगळं समजलं.

नंतर अंड्यांची टोपली आणि मला घेऊन ती थोरलीच्या खाटेशी गेली.

"हे कधी केलंत?"

थोरलीनं भिंतीकडे तोंड केलं. "पाय फार दुखतोय गं."

"मी पायाचं विचारलं नाही."

मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. तसं काही झालं नाही आणि त्याचीच मला धास्ती वाटली. धाकटी मला घेऊन घरी आली आणि तिनं मला मशीनवर ठेवलं, कापडावरचं वजन म्हणून. कुणी विचारलं, हे काय गं, तर ती मान वर न करता सांगायची, "आमच्या जाऊबाईंना विचारा."

कोंबड्या मात्र ती रोज बघत होती. रोज टोपली खाटेशी ठेवायची आणि निघून यायची. मी पेंढ्यात नाही म्हटल्यावर तांबडीची जुनी खोड परत आली. टोपलीत सात, मग पाच, मग तीन. थोरली पडल्या पडल्या बघत होती. या वेळी चोर कुणाला म्हणणार? तिनं नवऱ्याला दुसरं अंडं करायला सांगितलं.

"लाकूड आहे, लेथही आहे," कातारी म्हणाला. "पण दुसरं करणार नाही." इतक्या दिवसांत तो एवढंच धड बोलला.

प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात थोरली काठी टेकत पडद्यापलीकडे आली. मशीनपाशी दोन गिऱ्हाइकं मापं द्यायला उभी होती. गिऱ्हाइकं जाईपर्यंत थोरली थांबली. ती जाईनात. धाकटीही त्यांना जा म्हणेना.

"ते अंडं दे," थोरली म्हणाली.

"कशाला हवंय?"

थोरलीनं काठी या हातातून त्या हातात घेतली. "तांबडी अंडी खाते."

धाकटीनं मशीन थांबवलं. "कधीपासून?"

बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. गिऱ्हाइकांपैकी एकीनं टेप गुंडाळायला घेतली होती, ती तशीच थांबली.

"तेव्हापासून," थोरली म्हणाली.

धाकटीनं मला उचलून तिच्या हातावर ठेवलं. "शिंपले भरडून घाला त्यांना, टरफल घट्ट होतं. घरट्यावर गोणपाट टाका, अंधार करा. नुसत्या लाकडानं भागत नाही." आणि पुन्हा मशीन चालवायला लागली.

आता मी परत पेंढ्यात आहे. रंग जवळजवळ उडाला आहे. पोरांचं ओरडणं थांबलं. गणवेशांचं काम परत आलेलं नाही. पडदा आहे तिथंच आहे आणि दोघी एकमेकींच्या घरचं पाणी पीत नाहीत.

तुम्हीही कोंबड्या पाळत असाल तर अंडी दिवसातून दोनदा उचला, जाळी बारीक घ्या. आणि माझ्यासारखं अंडं करायला टाकलंत, तर ते ज्याच्यावर आळ घेतलात त्याला आधी दाखवा, मग पेंढ्यात ठेवा. मी कोंबडीची खोड मोडू शकतो. त्यापुढचं माझ्याच्यानं होत नाही.