भिंगावर अडकलेला लाल फिल्टर

मित्रांनो, मी एक जुना लाल फिल्टर. म्हणजे डाळिंबी रंगाची एक गोल काच आणि तिच्याभोवती धातूचे काळे कडे. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे बसायचे आणि येणारा उजेड गाळून आत सोडायचा, एवढेच माझे काम. तुम्ही चहा गाळता, मी उजेड गाळतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. भट्टीत वितळलो, साच्यात ओतला गेलो, दोन्ही अंगांनी घासून गुळगुळीत झालो. तोवर मी मोकळा होतो. मग एका कामगार बाईने मला चिमटीत धरून कड्यात ठेवले, वरून बारीक तार दाबून बसवली, आणि संपले. त्यानंतर मला कूससुद्धा बदलता आली नाही.

मला विकत घेतले फोटोवाल्या बाईंनी. एका अरुंद जिन्याच्या माथ्यावर त्यांचा एका खोलीचा स्टुडिओ होता, तेच त्यांचे घरही. तिथे त्या एकट्याच फोटो काढत, एकट्याच धुवत आणि एकट्याच स्वतःशी बडबडत. मी त्यांच्या छोट्या कॅमेऱ्याच्या मापाचा. पण तो कॅमेरा एकदा त्यांच्या हातून सुटला आणि पायऱ्यांवरून गडगडत थेट रस्त्यावर गेला. मी त्या दिवशी खणात होतो म्हणून वाचलो. वाचलो खरा, पण ज्याच्यासाठी मी होतो तोच राहिला नाही. बाईंचा दुसरा कॅमेरा मोठा, रुंद फिल्मचा. त्याच्या भिंगाचे तोंड माझ्यापेक्षा चांगले बोटभर रुंद. त्याला माझा काय उपयोग? चार वर्षे मी खणात कापसाच्या बोळ्यांशेजारी पडून राहिलो.

मग एका दुपारी मास्तर आले. शाळेत शिकवणारे, उंच, जरासे वाकलेले. खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत. पाकिटातून एक फोटो काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाई, माझ्या हातून फार वाईट झालंय."

काळा-पांढरा फोटो होता, एका तरुण बाईचा. कपाळापासून हनुवटीपर्यंत त्यावर लाल शाई पसरली होती.

"माझी बायको," मास्तर म्हणाले. "पेपर तपासत होतो. बाटली कलंडली. हिचा एवढा एकच फोटो आहे. मुलगी वर्षाची असताना ही गेली. पोरीनं आई बघितली ती या कागदावरच. आता ती नोकरीसाठी लांब चाललीय, शनिवारी सकाळी फोटो न्यायला येतेय."

"तिला सांगितलंत?"

मास्तरांनी नुसती मान हलवली. नाही.

"पुसायला नाही ना गेलात?"

"हात लावायचा धीर झाला नाही."

"तेवढं बरं केलंत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खण उघडला. चार वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. त्यांनी मला उचलून फोटोवर धरले आणि मास्तरांना म्हणाल्या, "आता यातून बघा."

मास्तर वाकले आणि तसेच राहिले. मित्रांनो, यात जादू काहीच नाही. लाल काचेतून पाहिले की पांढरा कागद लाल दिसतो आणि लाल डागही लालच दिसतो. दोघे एकमेकांत मिसळतात आणि खालचे काळे चित्र तेवढे उरते. मास्तरांना डागाखालचे डोळे दिसले होते.

पण बघणे वेगळे आणि फोटो काढणे वेगळे. बाईंनी मला चिकटपट्टीने मोठ्या कॅमेऱ्यावर लावून पाहिले. दिव्यांच्या उष्णतेने पट्टी सैल झाली आणि मी खाली घसरलो. तेव्हा त्या मला आणि भिंगाला घेऊन धातूचे भाग कातून देणाऱ्या लेथवाल्या काकांकडे गेल्या.

"काका, हा त्याच्यावर बसवायचाय. मधे एक कडं करून द्या."

काकांनी माप घेतले. "हा लहान, ते मोठं. फोटोचे कोपरे काळे येतील, ताई."

"येऊ देत. मला मधलं माणूस हवंय."

शुक्रवारी संध्याकाळी अॅल्युमिनियमचे कडे तयार झाले. त्यात मी छान बसलो, पण भिंगाच्या तोंडावरच्या आट्यांवर, म्हणजे स्क्रूसारख्या पेचांवर, ते कडे घट्ट जाऊ लागले. काकांनी लगेच हात थांबवला. "केसभर काढायला हवं. पण आमच्या गल्लीतली वीज गेलीय. उद्या दुपारी या."

"उद्या सकाळीच ती मुलगी येतेय हो."

"मग जोर लावू नका एवढं ऐका. एकदा धरलं की सोडायचं नाही ते."

बाई घरी आल्या. कडे हलकेच फिरवून पाहिले. ते अर्ध्या आट्यावर तिरके थांबले. अशाने फटीतून पांढरा उजेड आत शिरला असता आणि डाग पुन्हा उमटला असता. त्यांनी फोटोतल्या त्या मुलीच्या आईकडे एकदा पाहिले, भिंग छातीशी धरले आणि सगळा जोर लावून कडे फिरवले. कर्र असा आवाज झाला. धातूने धातूला धरले, आणि मी अडकलो.

फोटो मात्र असा आला, की काय सांगू! कोपरे काळे होते, ते बाईंनी कापून टाकले. मधे एक हसरी बाई, स्वच्छ, डाव्या गालावर तीळ. शनिवारी मास्तर लेकीला घेऊनच आले. तिने दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाली, "बाबा, मला सांगायचं ना. मी काय तुम्हाला खाल्लं असतं?" मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. जाताना लेकीने दोन्ही फोटो नेले, डागाचासुद्धा.

त्या दिवशी सगळ्यांनी माझे कौतुक केले. आणि मग बाई मला काढायला बसल्या. रबर गुंडाळून पाहिले, गरम करून पाहिले. शेवटी पक्कड लावली, तेव्हा मी असा करकरलो की त्यांनी घाबरून हात काढला. दुसरे भिंग त्यांच्याकडे नव्हते. माझ्यातून काढलेल्या फोटोत आकाश काळेठिक्कर यायचे आणि माणसांचे ओठ पांढरेफटक. असे फोटो कोण काढून घेणार? बाईंनी कामापुरता साधा कॅमेरा घेतला आणि आम्हाला कपाटात ठेवले.

नऊ वर्षे, मित्रांनो. तोंडावर झाकण, पाठीला भिंग, मधे मी. मी अडकलो त्याचे एक वेळ ठीक, मला सवय होती. पण माझ्यामुळे ते चांगले भिंगही अडकले. ते कधी तक्रार करत नसे, त्यानेच मला जास्त लागायचे. आणि काका तर दोनच गल्ल्या पलीकडे होते. पण बाई तिकडे गेल्या नाहीत. "सांगितलं होतं ना," असे काका म्हणतील, याचा त्यांनी धसका घेतला होता. त्या रस्त्याने जायचे झाले तरी वळसा घालून जात.

मग एकदा जुने सामान घेणारा एकजण आला. कॅमेरा उलटासुलटा करून म्हणाला, "लाल डोळा आलाय याला. भंगार आहे."

"भंगार?" बाई ताडकन उठल्या. कॅमेरा उचलला आणि तशाच घरातल्या चपलांनी काकांकडे गेल्या.

काका थकले होते, पण त्यांनी ओळखले. बराच वेळ कड्यावरून बोट फिरवले. "किती दिवस झाले?"

"नऊ वर्षं."

"अहो ताई, अर्ध्या तासाचं काम हे! आला का नाहीत?"

बाईंनी कॅमेरा त्यांच्यापुढे आणखी सरकवला.

"कडं कापावं लागेल. भिंग वाचेल. काचेचं सांगत नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "भिंग वाचवा." मला त्याचे वाईट वाटले नाही. मीही तेच म्हटले असते.

बारीक करवत चालली. अॅल्युमिनियमचे कडे दोन ठिकाणी कापले गेले, त्याबरोबर माझे काळे कडेही सुटले, माझ्या काठाचा टवका उडाला, आणि मी काकांच्या तळहातावर पडलो. उघडा. कारखान्यानंतर पहिल्यांदाच.

आता मी कोणत्याच कॅमेऱ्यावर बसू शकत नाही. बाईंनी मला खिडकीत टेकवून ठेवले आहे. भिंग रोज कामावर जाते. तुमच्या घरातही काही अडकून बसले असेल, तर एवढेच करा: त्यावर जोर लावू नका, आणि लाजेपोटी ते कपाटातही ठेवू नका. ज्याला सोडवता येते त्याच्याकडे जा. तो दोन शब्द बोलेल, ते ऐकून घ्या.

दुपारी ऊन माझ्यातून आत येते आणि जमिनीवर एक लाल गोल पडतो. मी जागचा हलत नाही, पण तो गोल हळूहळू सरकत फरशीवरून टेबलावर चढतो, काम करणाऱ्या बाईंच्या हातावरून जातो, आणि संध्याकाळपर्यंत सबंध खोली फिरून येतो.