जाळी कोणी काढली

चर्चमधल्या बाकाखाली पाठीवर पडून फिटर नट आवळत होता आणि त्याचा मेव्हणा, उजव्या हाताचा अंगठा आणि उरलेल्या एका बोटात टॉर्च धरून, शेजारी वाकला होता. नट कधीच घट्ट बसला होता. फिटर उगाच पाना फिरवत होता, कारण बाहेर आलं की बोलावं लागणार होतं.

"झालं का? नऊ वाजून गेले," मेव्हणा म्हणाला. "दहाला लोक येतील. तुझं पाठ झालंय ना?"

"पाठ काय करायचंय त्यात."

"तेच म्हणतो. दोन वाक्यं. मी त्याला उचलून दवाखान्यात नेलं, आणि तिथे त्याला पहिल्यांदा प्रार्थना करताना पाहिलं. एवढं म्हण आणि गप उभा राहा. रडायचं खातं माझ्याकडे आहे."

मेव्हण्याला मंडळीत सगळे दादा म्हणत. वर्षाच्या पहिल्या रविवारी आपण कसे बदललो याची दादाची साक्ष ठरलेली असे आणि ती लोकांना तोंडपाठ होती. बारा वर्षांपूर्वी कारखान्यात, काम लवकर उरकावं म्हणून, त्याने प्रेस मशीनची संरक्षक जाळी स्वतःच्या हाताने काढली. तीन बोटं गेली. दवाखान्याच्या खाटेवर त्याला उमगलं की आपली मस्ती उतरवायला देवानेच आपला हात धरला. त्यानंतर दारू सुटली, मारामाऱ्या सुटल्या, शिव्याही सुटल्या. शिव्यांना जरा वेळ लागला. 'हात धरला' या शब्दांवर पुढच्या बाकावरच्या एक आजी दरवर्षी न चुकता रुमाल काढत. यंदा पाळकसाहेबांच्या मनात आलं की त्या वेळच्या मित्रालाही, म्हणजे फिटरलाही, सोबत उभं करावं.

अडचण एवढीच होती की त्या दिवशी ती जाळी फिटरने काढली होती.

जेवणाच्या सुट्टीत मशीनमध्ये पत्रा अडकला होता. त्याने जाळी उतरवली, पत्रा सोडवला, तेवढ्यात कोणीतरी हाक मारली म्हणून जाळी भिंतीला टेकवून तो गेला आणि विसरला. नंतर कारखान्याच्या साहेबांनी विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "तोच काढतो नेहमी." दादा खरंच नेहमी काढायचा. म्हणून तर शुद्धीवर आल्यावर त्याने मुकाट्याने मान्य केलं. पुढे महिनाभर फिटर दवाखान्यात डबा पोचवत राहिला, आणि असा माणूस शोधून सापडायचा नाही म्हणून दादाने आपली धाकटी बहीण त्याला दिली. संसार, मुलगी, सासर, ही मंडळी, सगळं त्या एका वाक्यावर उभं होतं. गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं होतं, नव्या वर्षात काय सोबत नेणार नाही? कोणी सिगारेट सांगितली, कोणी राग, कोणी मोबाइल. फिटर काही न बोलता घरी आला आणि आठवडाभर नीट जेवला नाही. बायकोला वाटलं, पित्त.

तो बाकाखालून सरकत बाहेर आला. उभा राहिला नाही, फरशीवरच बसला.

"दादा, ती जाळी तू काढली नव्हतीस."

"कुठली जाळी?"

"प्रेसची. मी काढली होती. परत लावायची राहिली."

दादा हसण्याच्या बेतात होता. फिटरचा चेहरा पाहून थांबला. त्याने टॉर्च बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला.

"मला आठवतंय ना. चार स्क्रू काढले मी. एक खाली पडला होता, तो शोधला."

"ते आदल्या दिवशी."

"मग साहेबांना तू..."

"हो. खोटं बोललो."

दोन थोबाडीत बसतील, ही तयारी करूनच फिटर आला होता. खरं तर तशी त्याची इच्छाच होती. जुना दादा असता तर आत्तापर्यंत दात हातात आले असते. पण दादा बाकावर टेकला आणि आपल्या हाताकडे, दुसऱ्याच कोणाचा तरी हात असावा तसा, बघत राहिला.

"बारा वर्षं मी माफी मागतोय," तो हळूच म्हणाला. "कशाची?"

फिटरने पाना फरशीवर ठेवला.

"आई हेच मनात घेऊन गेली. पोराने आपल्या हाताने आपला हात घालवला."

"मी आज सगळ्यांसमोर सांगतो, दादा. आत्ता पाळकसाहेबांकडे जातो."

"म्हणजे तू मोकळा झालास. आणि मी?"

दार ढकलून फिटरची बायको आत आली. तिच्या हातात वेदीवर घालायचं पांढरं कापड होतं.

"दादा, पाळकसाहेब विचारतायत, दोघं एकदमच पुढे येणार ना?" तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "बाक दुरुस्त केलात की मोडलात?"

"बघू," दादा म्हणाला.

"तिला माहीत आहे?" ती गेल्यावर त्याने विचारलं.

"नाही."

दादा उठला आणि टॉर्च बाकावर ठेवून निघून गेला. फिटर तिथेच बसून राहिला, लोक येऊ लागले तेव्हा कुठे उठला.

दहाला उपासना सुरू झाली. पाळकसाहेबांनी दोघांची नावं घेतली. फिटर उठू लागला तसा पुढून दादाने हाताने खूण केली, बस. तो एकटाच समोर जाऊन उभा राहिला. आजींनी रुमाल आधीच काढून मांडीवर ठेवला होता.

"बारा वर्षांपूर्वी," दादा म्हणाला, आणि थांबला. मागे कोणीतरी खोकलं. "ही साक्ष मी दरवर्षी देतो. आज देत नाही. तिच्यात एक गोष्ट चुकली आहे. बाकीचं किती खरं उरतं, ते मला बघायचंय."

तो खाली उतरला. पाळकसाहेबांनी चष्मा सारखा केला आणि घाईने गीत सुरू केलं. आजींना रुमालाचं काय करावं कळेना.

बायको गात नव्हती. ती फिटरकडे बघत होती.

"काय झालं?"

"घरी सांगतो."

"आत्ता सांगा."

गीत चालू असताना त्याने तिला सांगितलं. चार वाक्यं पुरली. पलीकडे बसलेल्या मुलीला उचलून तिने दोघांच्या मध्ये बसवलं आणि गीतांच्या पुस्तकात नजर लावली. पान तिने शेवटपर्यंत उलटलं नाही.

मग प्रभुभोजन सुरू झालं; मनात अढी ठेवून ती भाकरी घ्यायची नसते. मंडळीचा वडील, म्हणजे ज्येष्ठ सेवक, म्हणून भाकरीची थाळी फिरवणं दादाकडे होतं. तो एकेक ओळ करत मागे आला. बहिणीसमोर त्याने थाळी धरली, तिने तुकडा घेतला. फिटरने हात पुढे केला. थाळी मागे गेली नाही, पण त्याच्यापर्यंत आलीही नाही. दादा वाकला. जवळून त्याचे डोळे लाल दिसत होते.

"तू आज घेऊ नकोस," तो फक्त त्याला ऐकू जाईल इतकं बोलला. "मीही घेतलेली नाही. घशाखाली उतरणार नाही."

फिटरने हात मागे घेतला. दादा दोन पावलं पुढे गेला, थांबला आणि परत आला.

"दोघं एकदम घेऊ," तो म्हणाला. "कधी, ते मला विचारू नकोस."

आणि थाळी घेऊन तो मागच्या ओळीकडे वळला.